दवाखान्याचं बिल: ॲडमिट होण्यापासून ग्राहक आयोगापर्यंत, पायरीपायरीने

बिलावरचं भांडण बहुतेक वेळा डिस्चार्जच्या दिवशी दुपारी सुरू होतं. पेशंट कपडे बदलून कॉटवर बसलेला, खाली रिक्षा थांबलेली, गावाकडनं आलेले चार पाहुणे काउंटरभोवती, आणि हातात एक पानाचं बिल. आवाज चढतात, कोणीतरी ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावतो, दोन-तीन हजार कमी होतात, पैसे भरले जातात आणि सगळे घरी जातात. आठवड्याभराने मग फाईल घेऊन कोणीतरी माझ्याकडे येतं. "बघा की जरा, लई लावलंय." फाईलमध्ये डिस्चार्ज कार्ड आणि ती एकपानी पावती. एवढ्यावर कोणताच कायदा फारसं काही करू शकत नाही.

कायदे आहेत, बऱ्यापैकी आहेत. पण ते कागदावर चालतात, आणि तो कागद ॲडमिट झाल्या दिवसापासून जमवावा लागतो. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा.

आधी तीन गैरसमज काढून टाका

मोबाईलवर फिरणारे मेसेज वाचून लोक काउंटरवर भलतेच कायदे सांगतात आणि समोरचा हसतो.

पहिला, २०१० चा केंद्राचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा. तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ आणि त्याचे २०२१ मध्ये सुधारलेले नियम. अर्जात हेच नाव लिहा.

दुसरा, "जनरल वॉर्डला चार हजार आणि आयसीयूला साडेसात हजारच लावता येतात" हा. ते दर कोविडच्या काळातल्या आदेशाचे होते, आज लागू नाहीत.

तिसरा जास्त महत्त्वाचा. खाजगी दवाखान्याने पित्ताशयाच्या ऑपरेशनला किती घ्यावेत हे आपल्या राज्यात कोणत्याही कायद्याने ठरवलेलं नाही. कायदा म्हणतो ते एवढंच: दर आधी दाखवा, दाखवलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, औषध एमआरपीच्या वर विकू नका, न दिलेल्या सेवेचे पैसे लावू नका आणि पैशासाठी पेशंट अडवू नका. त्यामुळे "बिल जास्त आहे" ही तक्रार टिकत नाही. "बिलातली अमुक ओळ चुकीची आहे" ही टिकते.

पायरी १ : पैसे कोण देणार हे ॲडमिट होण्याआधी ठरवा

ही पायरी चुकली की पुढचं काहीही दुरुस्त करणं अवघड होतं. डिपॉझिट भरण्याआधी तीन प्रश्न विचारा.

*दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का?* जुलै २०२४ पासून ही योजना कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाला लागू आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, ठरलेल्या उपचारांसाठी. पांढरं कार्ड आहे म्हणून विचारतच नाहीत असे लोक अजून भेटतात. सीमाभागातल्या ८६५ मराठी गावांनाही योजना लागू केली आहे, तेव्हा निपाणीकडनं कोल्हापूरला येणाऱ्यांनी कागद घेऊनच यावं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल असतं. पहिली भेट तिथे घ्या. शंका असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० ला फोन करा.

सावधान: नेहमीची चूक अशी की पेशंट खाजगीत दाखल होतो, ऑपरेशन होतं आणि तिसऱ्या दिवशी कोणाला तरी रेशनकार्ड आठवतं. योजना कॅशलेस आहे, खिशातनं भरलेले पैसे ती परत देत नाही. मंजुरी उपचाराच्या आधी लागते. तातडीच्या वेळी फोनवर कळवून दाखल होण्याची सोय आहे, तीही आरोग्यमित्रामार्फतच. आणि योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी "वरचे थोडे भरा" असं कोणी म्हणालं, तर भरू नका, आधी त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवा.

*दवाखाना धर्मादाय आहे का?* ट्रस्टचा दवाखाना असेल आणि वार्षिक खर्च ५ लाखांच्या वर असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. दाखला काढायला दिवस जातात, त्यामुळे ऑपरेशनची तारीख ठरल्या ठरल्या सेतूत अर्ज टाका. धर्मादाय दवाखान्यात तातडीचा पेशंट डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही, आधी उपचार करावे लागतात.

*अपघात आहे का?* हायवेवरचा असो नाहीतर गल्लीतला, रस्त्यावर वाहनाने झालेल्या अपघातातल्या जखमीला मे २०२५ पासून केंद्राच्या योजनेत ठरलेल्या दवाखान्यांत दीड लाखांपर्यंत, सात दिवसांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. पोलिसांत नोंद लागते, म्हणून ११२ ला फोन झालाय का ते बघा.

मेडिक्लेम असेल तर कार्ड टीपीए डेस्कला, म्हणजे दवाखान्यातल्या विम्याचं काम बघणाऱ्या टेबलाला, लगेच द्या. त्याबद्दल पुढे पाचव्या पायरीत.

पायरी २ : भिंतीवरचे दोन कागद आणि हातातला एक

रिसेप्शनजवळच्या भिंतीवर दोन गोष्टी असायलाच हव्यात. मोबाईल काढून दोन्हीचे फोटो घ्या, तारीख-वेळ दिसेल असे.

एक, नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर मुदत कधीपर्यंत आहे आणि सही कोणाची आहे ते वाचा. तक्रार उद्या कोणाकडे करायची याचं उत्तर त्या सहीतच आहे. कोल्हापूर शहरात ते महापालिकेचे आरोग्य अधिकारी असतात. इचलकरंजीला २०२२ पासून स्वतःची महापालिका आहे, त्यामुळे तिथला अर्ज कोल्हापूरला देऊन उपयोग नाही. गडहिंग्लज, कागल, जयसिंगपूर अशा ठिकाणी जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याची सही दिसेल. ज्याची सही, त्याचं दार.

दोन, रुग्ण हक्क सनद आणि दरपत्रक. २०२१ च्या नियमांनी पंधरा बाबींचे दर दर्शनी भागात लावणं सक्तीचं केलं आहे: दाखल शुल्क, खाट आणि आयसीयूचा दिवसाचा दर, डॉक्टरांची व्हिजिट, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, ऑक्सिजन, मॉनिटर, पॅथॉलॉजी, एक्स-रे वगैरे. तक्रारीचा टोल फ्री क्रमांकही तिथेच असायला हवा. बऱ्याच ठिकाणी हा फलक कुंडीच्या मागे किंवा जिन्याखाली असतो. नसेलच, तर मोकळ्या भिंतीचा फोटो काढा. तोही पुरावा आहे.

मग हातातला कागद, खर्चाचा अंदाज. ठरवून करायच्या ऑपरेशनला तो लेखी मागा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांनी आपली फी उपचाराआधी सांगायची असते, नंतर नव्हे. "साधारण साठ-सत्तर होतील" हे तोंडी वाक्य पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही. तेव्हा कागदावर पाच गोष्टी विचारा: पॅकेज आहे का, त्यात औषधं धरलीत का, भूलतज्ज्ञांची फी आत आहे का बाहेर, किती दिवसांचा मुक्काम धरलाय, आणि दिवस कसा मोजतात: चोवीस तासांचा की दुपारी बारा ते बारा. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. त्याच प्रश्नाने आमचे अडीच हजार वाचले, ते पुढे येईलच.

लिहून द्यायला तयार नसतील, तर काउंटरवाल्याने सांगितलेलं तुम्हीच व्हॉट्सॲपवर दवाखान्याच्या नंबरला टाका: "आज आपण सांगितल्याप्रमाणे खर्च असा धरला आहे, चूक असल्यास कळवावे." दोन निळ्या खुणा आल्या की झालं.

तपासा: पुढच्या पायरीला जाताना तुमच्याकडे दोन फोटो, एक अंदाज आणि डिपॉझिटची पक्की पावती असायला हवी. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. पक्की पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. शिवाय एकाच व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, तेव्हा "रोखच द्या" म्हणणाऱ्याला चेक किंवा यूपीआयची गोष्ट शांतपणे सांगा.

पायरी ३ : कॉटजवळ वही

दहा रुपयांची वही घ्या आणि ती पेशंटजवळ बसणाऱ्याच्या हातात द्या. माणूस बदलला तरी वही बदलायची नाही. रोज लिहायचं ते एवढंच:

- कोणते डॉक्टर किती वाजता आले. "राऊंडला आलेले, दोन मिनिटं" असंही चालेल.
- कोणतं इंजेक्शन, सलाईन किती वाजता दिलं.
- रक्त कधी नेलं, एक्स-रे कधी काढला.
- ऑक्सिजन, मॉनिटर कधी लावला आणि कधी काढला. हे नक्की लिहा, कारण काढल्यावरही बिलात तासांचं मीटर चालू राहिलेलं मी पाहिलंय.
- मेडिकलमधून काय वर आलं आणि काय परत गेलं.

सिस्टरांना दर वेळी हटकून विचारू नका, त्या कामात असतात. बघून लिहा. वही उघडी दिसली तरी पुरे असतं.

दर दोन दिवसांनी काउंटरवर जाऊन आजवरचं बिल मागा. देतात. चूक दुसऱ्या दिवशी दिसली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. तीच सहाव्या दिवशी दिसली तर "आता डे-एंड झालाय, सर येऊ देत."

पायरी ४ : मेडिकल

बिल फुगण्याची सगळ्यात मोठी जागा हीच, म्हणून इथे जरा थांबू.

दवाखान्याच्या आवारातल्या मेडिकलमधूनच औषध घ्या अशी सक्ती करता येत नाही. औषध आणि तपासणी कुठून घ्यायची हे निवडण्याचा हक्क रुग्ण हक्क सनदेत आहे, आणि अशी सक्ती नसल्याचा फलक लावायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानेही दवाखान्यातल्या मेडिकल दुकानांना २०२५ मध्ये सांगितलं आहे. व्यवहारात मात्र ऑपरेशन चालू असताना "बाहेरून आणतो" म्हणून कोणी दसरा चौकात पळत नाही, आणि पळूही नये. हा हक्क वापरायचा तो ठरवून करायच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आणि वॉर्डात रोज लागणाऱ्या गोष्टींसाठी: डायपर, ग्लोव्ह्ज, सिरिंज, महागडी अँटिबायोटिक्स. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव लिहून मागा. बाहेर घेताना पक्कं बिल आणि बॅच नंबर घ्या, नाहीतर उद्या "तुमचं औषध भलतंच होतं" असं ऐकावं लागेल.

एमआरपीचं गणित नीट समजून घ्या. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. एमआरपीवर वेगळा जीएसटी लावला असेल तर ती ओळ चूक आहे. अत्यावश्यक यादीतल्या औषधांना सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेली आहे, ती मोबाईलवरच्या "फार्मा सही दाम" मध्ये औषधाचं नाव टाकून दिसते. यादीबाहेरच्या मालावर मात्र कंपनी हवी ती एमआरपी छापू शकते. म्हणून बाहेर निम्म्यात मिळणारी वस्तू आत दुप्पट एमआरपीला मिळाली, तर राग आला तरी तो गुन्हा होत नाही. त्यावर उपाय फक्त बाहेरून घेणं.

हृदयात बसवायच्या स्टेंटला २०१७ पासून आणि गुडघ्याच्या सांध्यालाही त्याच वर्षापासून कमाल किंमत आहे. आकडा बदलत असतो, तेव्हा जुन्या बातमीवर जाऊ नका, ताजा बघा. स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवावी लागते, कंपनीचं नाव आणि बॅच नंबरासकट. खोक्यावरचा स्टिकर केसपेपरला चिकटवलेला असतो, त्याचा फोटो घ्या.

सावधान: मेडिकलच्या पावत्या बहुतेक थर्मल कागदावर असतात. उन्हात, पाकिटात, गाडीच्या डिकीत राहिल्या की चार-सहा महिन्यांत पांढऱ्या फटक. त्याच दिवशी झेरॉक्स काढा.

पायरी ५ : डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी बिल वाचा

डॉक्टर "उद्या सोडू" म्हणाले की त्याच संध्याकाळी बाबनिहाय बिल मागा. एकपानी नको. मागितल्यावर बाबनिहाय बिल आणि त्याचा खुलासा मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे, पैसे तुम्ही भरणार असा नाहीतर विमा कंपनी.

माझ्या आत्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात झालं. बिलात एक ओळ होती: "औषधे व साहित्य ३१,४६०". तपशील मागितला तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सिस्टममधनं एवढंच निघतंय." कागदावर दोन ओळींचा अर्ज लिहून दिला आणि झेरॉक्सवर पोच मागितली. अर्ध्या तासात त्याच सिस्टममधनं सात पानं निघाली.

बाकड्यावर बसून वहीशी पानं ताडली. अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिवसातून दोनदा होतं. आत्या सोमवारी रात्री नऊला दाखल, शुक्रवारी सकाळी शेवटचं इंजेक्शन. सोमवारी एक, मंगळ-बुध-गुरू दोन-दोन, शुक्रवारी एक. आठ झाली. बिलात चौदा. जादा सहा, प्रत्येकी ३४० रुपये, म्हणजे २,०४०. वॉर्डातून मेडिकलला परत गेलेल्या सलाईनच्या बाटल्या आणि ग्लोव्ह्जचे १,१८० रुपये वजा झालेच नव्हते. आणि खोलीचे दिवस पाच. दरपत्रकावर "दुपारी १२ ते १२" असं लिहिलेलं, त्या हिशेबाने चार होतात. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिला दहा वाजता, बिल छापलं बारा चाळीसला, त्या चाळीस मिनिटांचा पाचवा दिवस २,५०० रुपयांचा. एकूण ५,७२०. ओळीओळीने दाखवल्यावर कोणी आवाज चढवला नाही, त्यांनीही नाही.

एक प्रांजळपणे सांगतो, यात लबाडी होतीच असं मी म्हणणार नाही. परत गेलेला माल नोंदवायचा राहणं, रात्रपाळीच्या नोंदी दोनदा होणं हे रोज घडतं. पण चूक कोणाचीही असो, भरणारा आपण असतो.

बिल वाचताना या जागा आधी बघा:

- खोलीचे दिवस आणि दिवस मोजायची पद्धत.
- व्हिजिट. वहीत किती, बिलात किती.
- पॅकेज घेतलं असेल तर पॅकेजमधलीच गोष्ट पुन्हा वेगळी लावलेली आहे का. भूल, थिएटर आणि ड्रेसिंग इथे दोनदा येतात.
- परत गेलेली औषधं.
- "इतर", "किरकोळ", "सेवा शुल्क". नाव नसलेल्या ओळीचं नाव विचारा.
- जीएसटी. दवाखान्यातल्या उपचाराला तो लागत नाही. दिवसाला ५,००० रुपयांहून जास्त भाड्याच्या खोलीवर ५ टक्के लागतो, आयसीयूला लागत नाही.
- डिपॉझिट वजा झालंय का. हसू नका, राहतं.

मेडिक्लेमवाल्यांसाठी: अंतिम बिल विमा कंपनीकडे गेल्यावर तीन तासांत मंजुरी यायला हवी, असा विमा नियामकाचा २०२४ चा आदेश आहे. त्याहून उशीर झाला आणि खोलीचं भाडं वाढलं तर ते कंपनीने सोसायचं. टीपीए डेस्कवर बिल किती वाजता पाठवलं ती वेळ विचारून वहीत लिहा. कंपनीने नाकारलेली रक्कम भरण्याआधी कशाकशाचे पैसे कापले त्याचा कागद मागा. विमा कंपनीविरुद्धची तक्रार "बिमा भरोसा" वर किंवा १५५२५५ ला.

पायरी ६ : काउंटरवर

हरकत लेखी द्या, दोन प्रतींत. मजकूर एवढाच पुरे:

"प्रति, व्यवस्थापक. रुग्ण क्रमांक अमुक, दाखल दिनांक अमुक. आपण दिलेल्या बिलातील पुढील बाबींवर माझी हरकत आहे : (एक) … (दोन) … (तीन) … यांचा तपशील व दुरुस्त बिल मिळावे. रुग्णास घरी नेणे आवश्यक असल्याने रक्कम हरकत राखून भरत आहे. रक्कम भरली म्हणजे बिल मान्य केले असे समजू नये."

एक प्रत त्यांना, दुसरीवर सही-शिक्का आणि वेळ. पोच द्यायला नकार दिला तर हाच कागद दवाखान्याच्या ईमेलवर पाठवा आणि मग पैसे भरा. "हरकत राखून" हे दोन शब्द विसरू नका.

सावधान: डिस्चार्जच्या कागदांत बऱ्याचदा एक छापील वाक्य असतं: "उपचार व बिलाबाबत माझी कोणतीही तक्रार नाही." गडबडीत सही होते. ते वाक्य खोडा, शेजारी "बिलाबाबत हरकत राखून" लिहा आणि मगच सही करा.

*पेशंट सोडत नसतील तर.* बिलासाठी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. हे सनदेत आहे. माणसाला डांबून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली गुन्हाही आहे. आधी व्यवस्थापकाला हे शांतपणे सांगा, मग दवाखान्याच्या फलकावरच्या टोल फ्री क्रमांकावर, आणि तरीही दार उघडलं नाही तर ११२. पोलिसांना "बिल जास्त लावलंय" असं सांगू नका, ते म्हणतील हे दिवाणी आहे, आणि त्यांचं बरोबर असेल. "पेशंटला डिस्चार्ज लिहिलाय आणि घरी जाऊ देत नाहीत" असं सांगा. अर्थात पेशंट सोडला म्हणून बिल माफ होत नाही. उरलेल्या रकमेसाठी दवाखाना दावा लावू शकतो.

आणि हात कोणावरही उचलू नका, काच फोडू नका, खुर्ची ढकलू नका. दवाखान्यातल्या हिंसेविरुद्धचा २०१० चा राज्याचा कायदा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. चार हजारांच्या हरकतीसाठी घरातलं पोरगं कोठडीत गेलं तर बिलाचा विषय तिथेच संपतो.

पायरी ७ : केसपेपर मागा, ७२ तास मोजा

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच संपूर्ण केसपेपरच्या प्रतीसाठी अर्ज द्या. डिस्चार्ज कार्ड म्हणजे केसपेपर नव्हे. तुम्हाला हवं ते सिस्टरांनी भरलेलं औषधांचं पान, ऑपरेशनची नोंद, भुलीची नोंद आणि डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात, हे २००२ च्या आचारसंहितेत आहे. झेरॉक्सचा खर्च द्यावा लागेल. दवाखान्यांना कागद तीन वर्षं जपावे लागतात, म्हणून कधीतरी मागू म्हणून थांबू नका.

आता वही, बिल आणि औषधांचं पान अशा तीन गोष्टी शेजारी ठेवा. वहीवर ते शंका घेऊ शकतात, स्वतःच्या औषधांच्या पानावर नाही. तक्रारीत तिन्हींची तुलना एका तक्त्यात मांडा: बाब, बिलातली संख्या, केसपेपरमधली संख्या, फरक, रुपये. अधिकारी पाच पानांचं गाऱ्हाणं वाचत नाहीत, तक्ता वाचतात.

पायरी ८ : बरोबर दार

लोक एकच अर्ज मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना पाठवतात. मग प्रत्येक जण तो दुसऱ्याकडे ढकलतो. तक्रार विषयाप्रमाणे तोडा.

- दरफलक नाही, जादा दर लावले, बाबनिहाय बिल दिलं नाही, पेशंट अडवला: नोंदणी देणारा अधिकारी. शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग.
- औषध एमआरपीच्या वर विकलं किंवा पक्कं बिल दिलं नाही: अन्न व औषध प्रशासन, १८०० २२२ ३६५. ठरवून दिलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त घेतलं तर औषध किंमत प्राधिकरण, १८०० १११ २५५.
- धर्मादाय खाट नाकारली: धर्मादाय आयुक्तांचं कोल्हापुरातलं कार्यालय.
- जन आरोग्य योजनेत पैसे घेतले: १५५३८८.
- डॉक्टरांचं गैरवर्तन, कमिशनसाठी तपासण्या: महाराष्ट्र वैद्यक परिषद. ही परिषद डॉक्टरांवर कारवाई करते, तुमचे पैसे परत करून देत नाही.
- पैसे परत हवेत: ग्राहक आयोग.

अर्ज हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. साहेबांना भेटून तोंडी सांगितलं, त्यांनी "बघतो" म्हटलं, याला तक्रार म्हणत नाहीत. पोस्टाने पाठवायचं असेल तर आता रजिस्टर्ड पोस्ट वेगळं राहिलेलं नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टात गेलं आहे. स्पीड पोस्टच करा, पोच मागून.

पायरी ९ : जिल्हा ग्राहक आयोग

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद करून बघा. किरकोळ रकमा कधीकधी तिथेच मिटतात. नाही मिटलं तर दवाखान्याला पंधरा दिवसांची नोटीस द्या. वकिलाची सही असायलाच हवी असं नाही. मग आयोग.

पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. दवाखान्याला भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत फी शून्य. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे ऑपरेशन पुण्यात झालं असेल आणि तुम्ही राधानगरीचे असाल, तरी तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. वकील न लावता स्वतः उभं राहता येतं. मुदत दोन वर्षांची, आणि महापालिकेत अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. या एका चुकीने चांगल्या तक्रारी बुडालेल्या मी पाहिल्यात: अधिकाऱ्याच्या उत्तराची वाट बघता बघता दोन वर्षं उलटली.

मागणी नेमकी लिहा. जादा घेतलेली रक्कम रुपयांत, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. ५,७२० च्या हरकतीला दहा लाखांची भरपाई मागितली की पूर्ण तक्रारीचं वजन जातं.

महापालिकेकडून महिना-दीड महिन्यात काहीच हललं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. तीनच गोष्टी मागा: त्या दवाखान्याच्या नोंदणीची प्रत, नोंदणी देताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी केलेल्या तपासणीचा अहवाल, आणि तुमच्या आवक क्रमांकाच्या अर्जावर आजवर झालेल्या कारवाईच्या टिपणीची प्रत. "कारवाई का केली नाही?" असं विचारू नका. माहिती अधिकारात प्रश्नाला उत्तर मिळत नाही, कागद मिळतो. आणि तो कागद आयोगापुढच्या फाईलला जोडता येतो.